‘अस्टॉनिशमेंट’ म्हणजे आश्चर्य नव्हे

गेल्या वर्षी पाश्चात्त्य साहित्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो असता एक वाक्य आम्हांला पुन्हा पुन्हा भेटू लागले. शब्द तेच, क्रम तोच: उदात्ताचा सर्वोच्च परिणाम म्हणजे आश्चर्य, असे एडमंड बर्क मानतो. पहिल्या चार-पाच वेळा आम्ही निमूटपणे गुण दिले. पुढे जरा कंटाळा आला, मग शंका आली. ही मुले कोणत्या ‘गाइडा’तून उतरवीत आहेत, याचा शोध घेताना ध्यानात आले की ते वाक्य आमच्याच टिपणांतले आहे. कित्येक वर्षे आम्ही ते फळ्यावर लिहीत आलो होतो. विद्यार्थ्यांचा दोष एवढाच की त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला.

वाक्य वरवर पाहता चूक नाही. बर्कने वापरलेला शब्द ‘अस्टॉनिशमेंट’ आणि कोणताही इंग्रजी-मराठी कोश उघडला तर त्यापुढे आश्चर्य, विस्मय हेच शब्द दिसतात. पण बर्कचे ते प्रकरण पुन्हा वाचावे. १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उदात्त व सुंदर यांवरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच तो सांगतो की या अवस्थेत चित्ताच्या सर्व हालचाली थांबतात आणि त्या थांबण्यात भयाचा काही अंश असतो. समोरच्या वस्तूने मन इतके व्यापले जाते की त्याला दुसरे काही सुचत नाही, त्या वस्तूविषयी विचारही करता येत नाही. प्रशंसा, पूज्यभाव, आदर हे तो खालच्या पायरीवर बसवतो. लगेच पुढचे प्रकरण येते ते भयावर. आता आमचे ‘आश्चर्य’ पाहा. शेजारच्या मुलाला पहिला वर्ग मिळाला तरी आम्हांला आश्चर्य वाटते, आणि दूधवाला वेळेवर आला तरी वाटते. त्यात मनाची हालचाल थांबत नाही. उलट ती सुरू होते, कारण आश्चर्य वाटलेला माणूस लगेच ‘असे कसे?’ म्हणून विचारू लागतो. बर्कचा माणूस काही विचारूच शकत नाही.

हा फरक कोठून आला हे पाहण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते, आणि मुळाशी आहे मेघगर्जना. लॅटिनमध्ये ‘तोनारे’ म्हणजे गडगडणे. त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग लागून बोलभाषेतील लॅटिनमध्ये ‘एक्सतोनारे’ असे रूप असावे, असे भाषाशास्त्रज्ञ अनुमानाने मानतात. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तोने’ आले आणि नॉर्मन विजयानंतरच्या काळात ते इंग्लंडात पोचले. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे रूप ‘अस्टोन’ असे होते. ‘फिनिश’, ‘बॅनिश’ अशा क्रियापदांच्या वजनावर त्याला ‘इश’ ही शेपटी सोळाव्या शतकात जोडली गेली. याच घराण्यातली दोन भावंडे आजही इंग्रजीत नांदतात. एक ‘अस्टाउंड’ आणि दुसरे ‘स्टन’. डोक्यात दांडका बसला की जे होते ते ‘स्टन’. तेव्हा ‘अस्टॉनिश’चा मूळ अर्थ आश्चर्य वाटणे असा नसून कानठळ्या बसून, वीज पडल्यासारखे निश्चेष्ट होणे असा आहे.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे आम्ही वर्गात वारंवार सांगतो आणि ते खरेही आहे. ‘कुशल’ म्हणताना कोणी कुश उपटीत नाही. परंतु ‘अस्टॉनिश’च्या बाबतीत हा मूळचा अर्थ कोशात मरून पडलेला नव्हता. शेक्सपिअरच्या काळी तो चांगला धडधाकट होता. ‘पाचवा हेन्री’ या नाटकाच्या शेवटच्या अंकात फ्लुएलन हा वेल्श कप्तान पिस्टल नावाच्या बढाईखोराला सोट्याने बडवतो आणि कांद्याच्या जातीची ‘लीक’ नावाची भाजी कच्चीच खायला लावतो. तेव्हा गॉवर मध्ये पडून त्याला आवरतो आणि म्हणतो की पुरे, तुम्ही याला ‘अस्टॉनिश’ केलेत. येथे पिस्टलला आश्चर्य वाटले असे भाषांतर करणारा भाषांतरकार स्वतःच सोट्याला पात्र होईल. मराठीत येथे एकच शब्द बसतो: सुन्न. गॉवर सांगतो आहे की मारून मारून त्याला पार सुन्न केलेत.

त्याच सुमाराचे, म्हणजे १५९९च्या आसपासचे, दुसरे नाटक ‘ज्यूलियस सीझर’. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात रोमवर वादळ कोसळते आहे, विजा चमकताहेत, आणि कॅस्का उपसलेल्या तलवारीनिशी रस्त्यात उभा आहे. देव जेव्हा असे भीषण दूत पाठवून आपल्याला ‘अस्टॉनिश’ करतात तेव्हा माणसाने भ्यावे, थरथरावे हेच योग्य, अशा आशयाचे तो कॅसियसला सुनावतो. शब्द आणि त्याचा जन्मदाता गडगडाट येथे एकाच रंगमंचावर उभे आहेत. शेक्सपिअरला व्युत्पत्ती ठाऊक होती की नाही या वादात पडण्याचे कारण नाही. त्याच्या कानाला ती ठाऊक होती. कॅसियस उत्तर देताना कॅस्काचा पांढरा पडलेला चेहरा, टक लावलेली नजर, भीती आणि ‘वंडर’ यांचा उल्लेख एका दमात करतो. भय आणि विस्मय या दोन वस्तू आहेत असे त्याला वाटतच नाही.

मिल्टनकडे येताना आमची चूक अधिकच खुपते. ‘पॅरडाइस लॉस्ट’च्या (१६६७) पहिल्या सर्गात स्वर्गातून फेकलेले देवदूत जळत्या सरोवरावर पडले आहेत. त्यांच्या त्या अवस्थेला सैतान जो शब्द वापरतो तो ‘अस्टॉनिश्ड’. पडलेले देवदूत आश्चर्याने पाण्यावर तरंगत आहेत, असे चित्र आमच्या किती विद्यार्थ्यांच्या मनात उमटले असेल याची कल्पना करवत नाही. खरा उलगडा सहाव्या सर्गात होतो. तेथे देवपुत्र उजव्या हातात दहा हजार गडगडाट घेऊन रथातून येतो, ते शत्रूवर सोडतो, आणि बंडखोरांचा प्रतिकार संपतो, धैर्य खचते, हातातली शस्त्रे गळून पडतात. तेथेही शब्द तोच, ‘अस्टॉनिश्ड’. लॅटिनमध्ये मुरलेल्या या कवीने तो गडगडाटाच्या अगदी लगत ठेवला आहे. त्यांच्यावर अक्षरशः मेघगर्जना पडली आहे.

याच पिढीतली धर्मभाषाही पाहण्यासारखी आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये शापग्रस्त राष्ट्र इतर राष्ट्रांमध्ये एक ‘अस्टॉनिशमेंट’ होईल असे शब्द येतात, आणि तेथे मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ उजाड होणे, पाहणाऱ्याचा थरकाप होणे असा आहे.

मग या शब्दातली वीज कधी विझली? आम्हांला एक जागा फार बोलकी वाटते. १७१२ साली जोसेफ ॲडिसन ‘स्पेक्टेटर’मध्ये कल्पनेच्या आनंदांवर लेखमाला लिहितो. विस्तीर्ण मैदाने, पर्वतांच्या रांगा, अथांग पाणी पाहून होणाऱ्या मनःस्थितीला तो ‘अस्टॉनिशमेंट’च म्हणतो, पण आधी एक विशेषण लावतो: सुखद. विशेषण लावावे लागले याचाच अर्थ नाम तेव्हा स्वतःच्या बळावर सुखद नव्हते. कोणी ‘गोड साखर’ म्हणत नाही. ॲडिसनच्या त्या एका विशेषणातून शब्दाच्या तटबंदीला पहिली खिंड पडलेली दिसते, असे आम्ही वर्गात सांगतो. अशी खिंड आणखी कोणी पाडली असेलही.

तिशीही न गाठलेला बर्क पंचेचाळीस वर्षांनी लिहायला बसला तेव्हा त्याला ही झीज जाणवली असावी. त्याचे भयावरचे प्रकरण आम्ही आजवर घाईने उरकत आलो. त्यात तो भाषांनाच साक्षीला बोलावतो. ग्रीक ‘थाम्बोस’ म्हणजे भय किंवा विस्मय. लॅटिन ‘अतोनितुस’ म्हणजे मेघगर्जनेने आहत झालेला. फ्रेंच ‘एतोनमाँ’ आणि इंग्रजी ‘अस्टॉनिशमेंट’ व ‘अमेझमेंट’ याच नात्यातले. (‘अमेझ’चा मूळ अर्थ भांबावणे, गुंगणे. ‘मेझ’ म्हणजे भूलभुलैया हा त्याचाच सोयरा. आपल्याकडे रानात चकवा लागतो तसे काहीसे.) एवढे सांगून बर्क म्हणतो की ज्यांना अधिक भाषा येतात त्यांना अशी कितीतरी उदाहरणे देता येतील.

हे आमंत्रण आहे. अडीचशे वर्षे ते उघडे पडून आहे आणि आमच्याकडून त्याला उत्तर म्हणून ‘आश्चर्य’ एवढा एकच शब्द गेला. त्याकडे वळण्यापूर्वी शब्दाची उरलेली उतरंड उरकून घेऊ.

बर्कचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी जूनमध्ये प्लासीची लढाई झाली. क्लाइव्हने बंगालमधून किती नेले याची चौकशी पुढे संसदेत १७७२-७३ मध्ये झाली, तेव्हा मुर्शिदाबादचा उघडा खजिना, दोहो बाजूंना रचलेले सोने आणि रत्ने यांचे वर्णन करून आपण इतके कमी घेतले या स्वतःच्याच संयमाने आपण ‘अस्टॉनिश’ होऊन उभे आहोत, असे त्याने ऐकवल्याचे सांगतात. ज्या शब्दाने मिल्टनच्या बंडखोरांची शस्त्रे गळाली तोच शब्द येथे लुटारूच्या तोंडी कोटी होऊन बसला आहे. १८१३ साली जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी लग्नाची मागणी घालतो तेव्हा एलिझाबेथच्या ‘अस्टॉनिशमेंट’ला पार राहत नाही. ती टक लावून पाहते, लाल होते, आणि गप्प राहते. गप्प राहणे हा जुन्या अर्थाचा अवशेष. गडगडाट मात्र दिवाणखान्याच्या बाहेरच राहिला.

कोशकार वेबस्टरचा (कधी डॉ. जॉन्सनचा) म्हणून एक किस्सा सांगतात. तो खरा असण्याचा संभव नाही, पण अध्यापकांना प्रिय आहे. पत्नीने त्याला मोलकरणीचे चुंबन घेताना पकडले आणि आपण ‘सरप्राइज्ड’ झालो असे ती म्हणाली. त्यावर त्याने दुरुस्ती केली की बाईसाहेब, ‘सरप्राइज्ड’ मी झालो, आपण ‘अस्टॉनिश्ड’ झालात. ‘सरप्राइज’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द मुळात लष्करी आहे, बेसावध शत्रूवर घातलेला छापा. विनोद त्यावरच उभा आहे. त्यात ‘अस्टॉनिश’ आता निव्वळ आश्चर्याच्या अर्थाने आला आहे, हेही दिसते. आमचे कोश या टप्प्यावरचा अर्थ देतात आणि आम्ही तो घेऊन मागे मिल्टनपर्यंत चालत जातो.

आता बर्कचे आमंत्रण. संस्कृत-मराठीच्या अंगणात आले की पहिला धक्का ‘विस्मय’ देतो. हा शब्द ‘स्मि’ या धातूपासून आला आहे, आणि ‘स्मि’ म्हणजे किंचित हसणे. लॅटिनवाल्यांना विलक्षण काही दिसले की त्यांच्या डोक्यावर आकाश गडगडले. संस्कृत बोलणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटले. ‘चमत्कार’ हाही असाच. त्यातला ‘चमत्’ हा चवदार काही खाताना जिभेच्या होणाऱ्या आवाजाचा अनुकार असावा, अशी उपपत्ती व्ही. राघवन यांनी सुचवली आहे. ती मान्य केली तर आपल्या काव्यशास्त्रातला सर्वांत मोठा विस्मय जिभेच्या टाळ्याला लागण्यातून निघतो. भरतानेही हीच वाटणी पक्की केली आहे. अद्भुताचा स्थायी विस्मय, भयानकाचा स्थायी भय. अद्भुताचा रंग पिवळा, देवता ब्रह्मा. भयानकाचा रंग काळा, देवता काळ. अद्भुत निघतो वीरातून, भयानक निघतो बीभत्सातून. दोघांची घरे वेगळी, कुळे वेगळी. बर्क हे वाचता तर बुचकळ्यात पडता.

परंतु नाट्यशास्त्रातच एक दार उघडे आहे. आठ सात्त्विक भावांत पहिला आहे ‘स्तंभ’, शरीराचे खांबासारखे जागच्या जागी थिजणे. तो कशाकशाने उत्पन्न होतो हे सांगताना भरत हर्ष, शोक, विषाद यांच्याबरोबर भय आणि विस्मय हे दोन्ही मोजतो. स्थायिभावांच्या पातळीवर वेगळी घातलेली दोन घरे शरीराच्या पातळीवर एकाच ओसरीवर येतात. बर्क ज्याला चित्ताची हालचाल थांबणे म्हणतो त्याच्याशी याइतके जवळचे आमच्या शास्त्रात दुसरे काही आम्हांला सापडलेले नाही.

गीतेचा अकरावा अध्याय याची प्रात्यक्षिक परीक्षा. विश्वरूप पाहून अर्जुन आधी विस्मयाने भरतो, अंगावर काटा येतो. दाढा आणि जळती मुखे दिसू लागताच तो भ्यायला लागतो, आणि पुढे एकाच श्लोकात सांगतो की न पाहिलेले पाहून आनंदही झाला आणि मन भीतीने व्याकूळही झाले. एका माणसात दोन्ही आहेत, पण शब्द दोन आहेत. इंग्रजी धर्मभाषेने येथे एकच वापरला असता. ज्ञानदेवांनी या अध्यायाच्या आरंभी रसांची जी मांडणी केली आहे ती मराठीच्या अध्यापकांस नव्याने सांगायला नको: शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आणि इतर रसांनाही पंगतीचा मान मिळाला. नाव घेतले शांत आणि अद्भुत यांचे. अध्यायभर अर्जुन कापतो आहे, तरी भयानक पंगतीत इतरांबरोबर बसलेला, पाहुण्याच्या जागी नाही. १२९० सालच्या मराठीने ही निवड जाणून केली आहे, असे आम्हांस वाटते.

येथवर बर्कच्या विरुद्ध पुरावा झाला. पण एक साक्षीदार उलटतो. तो म्हणजे ‘चकित’.

मराठीत चकित होणे म्हणजे सुखद आश्चर्य वाटणे. संस्कृतात मात्र ‘चकित’ म्हणजे भ्यालेला, दचकलेला. मेघदूतातल्या यक्षपत्नीची नजर चकित हरिणीसारखी आहे. ती हरिणी कशाचे नवल करीत नसून पाचोळा वाजला म्हणून बिचकली आहे. विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त नायिकेच्या अलंकारांत ‘चकित’ नावाचा एक अलंकार सांगितला आहे, आणि तो आहे प्रियकरासमोर अकारण होणारी भीतीची धांदल. म्हणजे आमच्या शब्दानेही तीच वाट चालली आहे, भयातून निघून विस्मयाकडे. मधल्या मुक्कामावर मराठीने त्याच्या गळ्यात एक पट्टी अडकवली: ‘आश्चर्यचकित’. ॲडिसनने जे ‘सुखद’ जोडून केले तेच येथे ‘आश्चर्य’ जोडून झाले असावे, असा आमचा कयास आहे. पुढे दोन्ही भाषांत जोडलेले गळून पडले आणि नरम झालेला शब्द एकटा फिरू लागला. ‘थक्क’चीही गोष्ट पाहण्याजोगी आहे. प्राकृतात ‘थक्कइ’ म्हणजे थांबतो. हिंदीत थांबलेला दमला, मराठीत थांबलेला आ वासून राहिला.

मग आमच्या फळ्यावरच्या वाक्यात नेमके काय बिघडले होते? ‘सब्लाइम’ला मराठी समीक्षेने ‘उदात्त’ म्हटले. हा शब्द ‘धीरोदात्त’ नायकाच्या घरातला आहे, उंच, उमदा, नीतिमान. त्याला भिण्याचे कोणास कारण नाही. लाँजायनससाठी तो पुष्कळ अंशी चालतो, जरी लाँजायनसचा ‘एक्प्लेक्सिस’ हाही मुळात आघातच आहे. बर्कसाठी तो चालत नाही, कारण बर्कचे ‘सब्लाइम’ अंधारात, पोकळीत, तोफांच्या आवाजात आहे. आम्ही कारणाच्या जागी ‘उदात्त’ ठेवले आणि परिणामाच्या जागी ‘आश्चर्य’. भय दोनदा गाळले गेले. मुलांच्या हाती राहिला तो एक सज्जन बर्क, ज्याला हिमालय पाहून बरे वाटते. तसा बर्क कधी नव्हता.

यंदा टिपणे बदलली. ‘उदात्त’ सोडवत नाही, तो फार रुळला आहे. म्हणून त्याच्यापुढे भयाविषयी एक संपूर्ण परिच्छेद घातला. ‘आश्चर्य’ खोडून ‘स्तंभित होणे’ लिहिले. मिल्टनच्या ठिकाणी ‘गलितगात्र’, पिस्टलच्या ठिकाणी ‘सुन्न’, ऑस्टिनच्या ठिकाणी ‘थक्क’. एका इंग्रजी शब्दासाठी चार मराठी शब्द पाहून आमच्या एका सहकाऱ्यांनी नापसंती दर्शवली. परीक्षेत मुलांचा गोंधळ होईल, एक पर्यायी शब्द ठरवून द्यावा, हे त्यांचे म्हणणे. त्यांची अडचण खोटी नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारले की ‘रस’ या आपल्या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकारांनी आजवर किती शब्द योजले. ते हसले, पण पटले असे दिसले नाही.

वर्गात मात्र अनपेक्षित मदत झाली. भय आणि विस्मय यांचे नाते समजावताना आम्ही घाम गाळीत होतो, ‘ऑसम’ या शब्दातला ‘ऑ’ मुळात नॉर्स भाषेतला भीतीचा शब्द आहे असे काहीबाही सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “म्हणजे आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो ना, तसं.” आम्ही ते फळ्यावर लिहून घेतले.